तंजावरच्या राजांचे दप्तर

तंजावर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे दिवाणखान्यातले सोनेरी वर्खाचे बाळकृष्णाचे चित्र, आणि दुसरी सांबाराची गोष्ट. संभाजी महाराज तंजावरला पाहुणे म्हणून आले, मुदपाकखान्यात आमसूल संपले होते, म्हणून चिंच घालून आमटी केली आणि पाहुण्यांच्या नावावरून तिचे ‘सांबार’ झाले! गोष्ट झकास आहे, पण ती ऐकीवच. तंजावरला खरीखुरी दप्तरे एवढी आहेत की अशा गोष्टींवाचून काही अडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये भारतात गेलो असताना पत्नी व मुलीसह चार दिवस तंजावरला राहिलो, तेव्हा पाहिलेले व नंतर वाचलेले थोडेसे आपल्यापुढे मांडतो.

आधी थोडा इतिहास. शहाजीराजांना तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. ते आदिलशाहीचे सरदार होते. मदुरेच्या नायकाने तंजावर घेतले, तेव्हा जुन्या नायक घराण्याच्या वारसाच्या मदतीला त्यांना विजापुराहून पाठवण्यात आले. मदत करता करता १६७५च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले. मदतीला गेलेला सरदार आणि रिकामी होत आलेली गादी म्हटल्यावर दुसरे काय व्हायचे? १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी महाराजांनी कोल्लिडम नदीकाठी धाकट्या भावाची भेट घेतली आणि वडिलांच्या जहागिरीतला वाटा मागितला. व्यंकोजीराजे रात्रीतून छावणी सोडून निघून गेले. पुढे लढाई झाली, समेटही झाला. समेटात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा शहाणपणा फार उपयोगी पडला असे म्हणतात. तंजावर मात्र व्यंकोजींकडेच राहिले आणि त्यांच्या वंशाकडे १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे चालले. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली, पेशवाई तर १८१८ मध्येच बुडाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या लांबच्या भावाचे राज्य किती टिकले ते कळते.

या राजांनी तमिळ मुलखात, तेलुगू दरबारी परंपरेत, संस्कृत पंडितांच्या सहवासात राहून मराठीही जोपासली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते. त्यांनी मराठीत नाटके लिहिली. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून धरतो. त्याच्या दीडशे वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटके होत होती! सांगलीकरांनी रागावू नये.

परंतु माझा पेशा डॉक्टरचा. त्यामुळे माझे पाय ओढले गेले ते दुसऱ्या सरफोजीराजांकडे. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांची मुले जगली नाहीत, म्हणून त्यांनी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतले आणि लगेच त्यांचे निधन झाले. कंपनीच्या पंडितांनी दत्तकविधान अशास्त्रीय ठरवले आणि तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग गादीवर आले. मुलाचा सांभाळ व शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने पाहिले. राजवाड्यात मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा त्याला मद्रासला हलवावे लागले. पुढे दत्तक वैध ठरले आणि १७९८ मध्ये विशीतले सरफोजी राजे झाले. मिशनऱ्याच्या हाताखाली वाढूनही ते हिंदूच राहिले, आणि हिंदू राहूनही गुरूवरची माया त्यांनी कधी लपवली नाही. श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर राजांनी लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे.

गादीवर बसल्यानंतर पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये कंपनीने तह पुढे केला. सगळ्या मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांना वर्षाला एक लाख स्टार पगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा. सत्ता उरली ती तंजावरच्या किल्ल्यापुरती. बावीस वर्षांचा तरुण, हाताशी भरपूर पैसा आणि करायला काही काम नाही. अशा स्थितीत राजपुत्रांचे काय होते याची उदाहरणे हिंदुस्थानभर पुष्कळ सापडतात. सरफोजींनी पुढची तेहतीस वर्षे जे केले ते वेगळे होते, म्हणून हा लेख.

त्यांनी पुस्तके जमवली. नायकांच्या वेळचा ग्रंथसंग्रह त्यांनी इतका वाढवला की आज सरस्वती महाल ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यातली बहुतांश संस्कृत, आणि सुमारे तीन हजार मराठी. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशी हजारो छापील पुस्तकेही त्यांनी मागवली, आणि कित्येकांवर त्यांची स्वतःची इंग्रजी सही आहे. शाळा काढल्या. देवनागरी टाइपाचा छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले. त्या वेळी पुण्यात पेशवे राज्य करीत होते आणि तिथे पोथ्या हातानेच उतरवल्या जात होत्या.

आणि त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ काढला. इथे मी खरा रेंगाळलो. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य एका छपराखाली. औषधे करून पाहायची, गुण आलेले पाठ निवडायचे आणि ते तमिळ पद्यात बांधून ठेवायचे, म्हणजे वैद्यांच्या तोंडी राहतील, असा उपक्रम होता. ते ग्रंथ राजांच्या संस्कृत नावावरून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ म्हणून ओळखले जातात. आणि या सर्वांहून मला मोलाचे वाटले ते डोळ्यांच्या रोग्यांचे दप्तर. सरस्वती महालात रुग्णांच्या नोंदी आहेत, त्यांच्यासोबत आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून लेखही लिहिले आहेत.

वैद्यकाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. त्या काळी मोतीबिंदूवर जुना उपाय म्हणजे सुईने डोळ्यातले गढूळ भिंग जागेवरून ढकलून खाली पाडणे. सुश्रुतापासून चालत आलेला हा उपाय. भिंग डोळ्यातच राही, फक्त दृष्टीच्या वाटेतून बाजूला होई. रोग्याला उजेड दिसे, माणसे ओळखू येत, पण भिंगच नसल्याने जाड चष्म्याशिवाय स्पष्ट दिसत नसे. काहींचा डोळा पुढे सुजून किंवा आतला दाब वाढून कायमचा जाई. भूल नव्हती. ईथरचा पहिला जाहीर प्रयोग बॉस्टनला १८४६ मध्ये झाला, आणि डोळा बधिर करणारे कोकेन १८८४ मध्ये आले. जंतूंची कल्पना नव्हती. लिस्टरचे काम १८६७ चे. अशा काळात शस्त्रक्रिया करणे हे धाडस खरेच, पण धाडस तर गावोगाव फिरणारे सुईवालेही करीत. ते आज या गावात, उद्या त्या गावात. डोळा गेला तरी त्यांना कळायला ते तिथे असायचे कुठे?

राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत असे तंजावरचे लोक अभिमानाने सांगतात. सुई कोणाच्या हातात होती, याचे मला तेवढे अप्रूप नाही. मला अप्रूप आहे ते याचे की कोणीतरी रोग्याची हकीगत लिहून घेतली, उपचार लिहिला आणि पुढे काय झाले तेही लिहिले. पुण्यात एमबीबीएस करताना आमचे एक सर वॉर्डमध्ये शिरले की आधी रोग्याकडे नव्हे, केसपेपरकडे पाहत. म्हणत, “लिहिले नाही म्हणजे केले नाही.” आज फ्रिस्कोच्या क्लिनिकमध्ये रोग्यापेक्षा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे जास्त वेळ पाहावे लागते, म्हणून मी रोज कुरकुरतो. पण त्या डोळ्यांची चित्रे पाहताना वाटले, चित्रकाराला समोर बसवून एका सामान्य माणसाचा आजारी डोळा रंगवून घेणारा राजा मी तरी दुसरा ऐकलेला नाही. दरबारी चित्रकार राजाच्या मिशा रंगवतात!

सरफोजींचा दुसरा कागद आहे तो छत्रांविषयीचा. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर या घराण्याने यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे धर्मशाळा बांधल्या होत्या. मुलूख कंपनीकडे गेल्यावर छत्रांचे उत्पन्नही जाईल अशी भीती होती. जानेवारी १८०१ मध्ये राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रे आपल्याच व्यवस्थेत राहू द्यावीत अशी विनंती केली आणि तिथे काय काय चालते ते सविस्तर कळवले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना तिथे जेवण मिळते. शिजवलेले अन्न चालत नाही त्यांना शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याला बोलावतात. आजारी वाटसरूवर उपचार करायला वैद्य आहेत, सर्पदंश उतरवणारे आहेत. गरोदर बाई वाटेत अडली तर तिचे बाळंतपण तिथेच होते आणि पुढे तीन महिने तिची सोय पाहिली जाते.

हे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मी त्याकडे दानधर्माची यादी म्हणून पाहत होतो. पण तारीख लक्षात घ्या. राज्य जाऊन सव्वा वर्षही झालेले नाही. या माणसाने तोफा परत मागितल्या नाहीत, तो घंटा वाजवण्याचा हक्क मागतो आहे. आमच्या अमेरिकेत बाळंतिणीला कामावरून किती आठवड्यांची रजा मिळावी यावर अजून वाद चालू आहेत, आणि इथे तीन महिने!

मात्र भारावून जाताना तोल सांभाळायला हवा. हा सगळा पैसा कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीचा होता, आणि वसूल करणाऱ्या कंपनीचा हात हलका नव्हता. राजांनी समुद्रकाठी ‘मनोरा’ नावाचा षट्कोनी बुरूज बांधला, तोही इंग्रजांनी नेपोलियनचा पराभव केला म्हणून. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या विजयाचे स्मारक! किल्ल्यापुरत्या उरलेल्या राजाला असे काही करावेच लागते, असे म्हणून मी ते सोडून देतो. पण ते पाहून बरे वाटत नाही.

१८३२ मध्ये सरफोजी गेले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले. मागे राण्या आणि मुली होत्या, पुत्र नव्हता. कंपनीने राज्य संपल्याचे जाहीर केले आणि १८५६ मध्ये राजवाड्याला कुलपे लावून खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्याचा न्याय करणे कोर्टाच्या हाती नाही, असे म्हटले. कायदा शिकणारी मुले हा खटला अजून वाचतात. पुढे सरकारनेच मालमत्ता राण्यांना परत केली. एका विधवा मराठी राणीने कंपनीला लंडनपर्यंत खेचले, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कुठे आले होते का? मला तरी आठवत नाही.

हे १८५५ साल डोक्यात घेऊनच आम्ही परतीच्या वाटेवर बँकॉकला चार दिवस थांबलो. तिथल्या संग्रहालयात पुन्हा तेच साल समोर आले. एप्रिल १८५५ मध्ये सयामच्या मोंगकुट राजाने इंग्रजांशी व्यापाराचा तह केला. अटी जाचकच होत्या. आयात मालावर फक्त तीन टक्के जकात, इंग्रज प्रजेला सयामी कोर्टाचा कायदा लागू नाही. पण राज्य राहिले. हे मोंगकुट गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे भिक्षू होते. मिशनऱ्यांकडून लॅटिन व इंग्रजी शिकले, ब्रॅडली नावाच्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरशी त्यांचा परिचय होता, आणि खगोलशास्त्राचा नाद होता. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे गणित त्यांनी स्वतः केले, ते पाहायला दलदलीच्या प्रदेशात गेले, तिथे मलेरिया झाला आणि दीड महिन्यात वारले. (हेच ग्रहण आपल्याकडे गुंटूर, जमखंडी येथून दुर्बिणी लावून पाहिले गेले.) त्यांचे पुत्र चुलालोंगकॉर्न १८७२ मध्ये अठराव्या वर्षी हिंदुस्थान पाहायला आले, मुंबईलाही आले. १८८८ मध्ये त्यांनी बँकॉकचे सिरिराज रुग्णालय काढले. त्याला नाव दिले ते आमांशाने वारलेल्या आपल्या लहानग्या मुलाचे. त्यांचेच दुसरे पुत्र महिदोल हार्वर्डला डॉक्टर झाले, आणि महिदोल यांचे पुत्र, पुढे सत्तर वर्षे राज्य केलेले राजे भूमिबोल, १९२७ मध्ये अमेरिकेतच, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला जन्मले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले ते त्याच सिरिराज रुग्णालयात.

मिशनरी गुरू, इंग्रजी, शास्त्रांची ओढ, वैद्यक हे सगळे सरफोजींकडे मोंगकुटांच्या पन्नास वर्षे आधी होते. मग एकाचे घराणे आजही गादीवर आणि दुसऱ्याचे दप्तर ग्रंथालयात, असे का? बँकॉकचा गाईड सांगत होता, आमचे राजे शहाणे होते म्हणून देश गुलाम झाला नाही. शहाणे होतेच, पण माझ्या मते हे निदान अर्धेच आहे. सयामच्या एका बाजूला ब्रह्मदेशात इंग्रज आणि दुसऱ्या बाजूला इंडोचायनात फ्रेंच होते. दोघांनाही मध्ये कोणीतरी हवे होते. तरीही सयामला लाओस, कंबोडियाकडचे प्रांत आणि मलायातली चार संस्थाने सोडावी लागली. तंजावरच्या बाजूला असा दुसरा दांडगा राहिलाच नव्हता. अर्काटच्या नवाबाची खंडणी, ती भागवायला कर्ज, आणि नवाबामागे कंपनी, असा तो फास होता. १७७३ मध्ये तर नवाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावर तीन वर्षे गिळलेच होते. सरफोजी जन्मले तेव्हा रोग शेवटच्या अवस्थेत होता. आणखी एक, थायलंडमध्ये १९३२ पासून राजसत्ता घटनेच्या चौकटीत आली खरी, पण राजाविषयी वावगे बोलल्यास आजही पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरफोजींच्या बऱ्यावाईटाची चर्चा आपण मोकळेपणाने करू शकतो, हे काही कमी नाही.

तंजावरचे आणखी एक सांगायचे राहिले. बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केले. त्या आवारात नैऋत्येला, गणपतीच्या देवळापाशी, सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. हा मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख. अक्षरे देवनागरी, बाबूराव चिटणिसांनी लिहिलेला मजकूर. माझी मुलगी, जी फ्रिस्कोत जन्मली आणि रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकली, ती एक एक अक्षर लावून मोठ्याने वाचू लागली. शब्द सलग कोरलेले, त्यामुळे कुठे तोडायचे ते तिला कळेना, आणि अर्थ तर मुळीच नाही. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. ते ऐकता ऐकता म्हणाले, “बाळ, पुन्हा वाच.” मराठी, पण हेल पूर्ण तमिळ. तिथल्याच एका रायर घराण्यातले. महाराष्ट्रातून आलेल्या जुन्या कुटुंबांना तिकडे रायर म्हणतात. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी येत नाही. स्तोत्रे आणि आरत्या तमिळ लिपीत उतरवून ठेवल्या आहेत. मुलगी वाचायची, आणि ते “हां, हां” करीत शब्द तोडून अर्थ सांगायचे. दहा-बारा मिनिटांत जेमतेम दोन ओळी झाल्या.

मी विचारले, “काका, नातवंडे बोलतात का?” ते म्हणाले, “ऐकून समजतं. उत्तर तमिळमध्ये देतात.” मग हसून म्हणाले, “तुमच्याकडे इंग्लिशमध्ये देत असतील.”

त्यांचे पूर्वज आले त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. आपल्या फ्रिस्कोची लोकसंख्या २००० साली ३३,७१४ होती आणि २०२० साली दोन लाखांवर गेली, म्हणजे आपल्यातले बहुतेक गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेले. १८५५ पर्यंत तिथे मराठीला दरबार होता, मोडीत हिशेब लिहिणारे कारकून होते, शाळा होत्या. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे ती फक्त स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या आधाराने टिकली. आधी लिपी गेली, मग लिहिणे, मग नातवंडांचे उत्तर. पण ‘बाळ, पुन्हा वाच’ अजून शिल्लक आहे. डॉक्टर म्हणून मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत नेमके उलटे चालले आहे. मुलांना अक्षरे येतात, पण घरातले बोलणे थांबत चालले आहे.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी बरा, उन्हाळ्यात तिथे टेक्सासची आठवण येते. राजवाडा, ग्रंथालयाचे संग्रहालय आणि श्वार्ट्झचे चर्च एका दिवसात होते. मोठ्या देवळाला सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी जावे, शिलालेख तिरप्या उन्हात चांगला दिसतो. गाडी मिळाली तर ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र चुकवू नका. ते १८०२ चे, सरफोजींनी बांधलेले. आणि ग्रंथालयात मोडीच्या बस्त्यांविषयी जरूर विचारा. शेकडो बस्ते आहेत, वाचणारे थोडे. भारतात मोडी शिकवणारे वर्ग चालतात. निवृत्तीनंतर काय करायचे असा प्रश्न आपल्या मंडळात हल्ली वारंवार निघतो, म्हणून हे मुद्दाम कळवतो.